पाऊण तास आणि सोळा सेकंद

घड्याळबाईंचं खरं नाव प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच राहिलं. बाकी सगळ्यांना त्या घड्याळबाई. गळ्यात काळ्या गोफात अडकवलेलं एक जाडजूड निकेलचं स्टॉपवॉच, त्याच्या डोक्यावर एकच बटण. एकदा दाबलं की काटा पळतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतो. बायका गळ्यात काय काय हौसेनं घालतात. या बाईंनी चौतीस वर्षं हे घातलं. आंघोळीच्या वेळी तेवढं खुंटीला, एरवी गळ्यात.

काम एकच. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कोमट पाण्याच्या पेटीत काचेच्या बारक्या नळ्या उभ्या करायच्या. नळीत रक्तातला पिवळसर पातळ भाग घालायचा, त्यात औषध सोडायचं, त्याच क्षणी बटण दाबायचं आणि नळी हलक्या हातानं कलती करत उजेडाकडे बघत राहायचं. आतलं पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकतं, आणि मग एकाएकी अडखळतं. एक बारीक धागा दिसतो. लगेच बटण. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत. डोळा मिटला तर गेलं. बाईंचा डोळा चौतीस वर्षांत मिटला नाही, असं सगळे म्हणायचे, आणि बाईंनाही ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार?

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. रुग्णाचं रक्त गोठायला तेरा सेकंद लागले, तर ते चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून नाही कळत. औषध रोज थोडं वेगळं वागतं. म्हणून रोज सकाळी पहिली नळी लावायची ती एखाद्या धडधाकट माणसाच्या रक्ताची, आणि दिवसभर आलेल्या रुग्णांना त्याच्याशी ताडून बघायचं. मोठ्या ठिकाणी वीस-वीस माणसांचं रक्त एकत्र करून ठेवतात. इथं कुठली वीस माणसं? जुन्या डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. शिपाई संध्याकाळी झोकांड्या खात घरी जाणारा. कारकुनाला नुकतीच कावीळ होऊन गेलेली. डॉक्टरांना स्वतःला साखर. उरल्या बाई. सर्दी नाही, पडसं नाही, पाच वर्षांत एक रजा नाही.

"तुमचंच घेऊ," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याइतकं निरोगी या इमारतीत कुणी नाही."

झालं. त्या दिवसापासून बाईंचं रक्त म्हणजे त्या गावाचं माप. एक दिवस डावा हात, एक दिवस उजवा. हातांवर निळे डाग पडायचे आणि आठवडाभर जायचे नाहीत. सुया टोचल्यावर डाग पडणारच, त्यात काय एवढं? कुणी विचारलं नाही, बाईंनीही विचारलं नाही.

बाईंच्या रक्ताला सोळा सेकंद लागायचे. पुस्तकात लिहिलं होतं बारा ते चौदा. डॉक्टर म्हणाले, "औषध आपण इथंच बनवतो, जरा मंद असणारच." बरं, मग येणारे रुग्ण तेरा सेकंदांत कसे गोठतात? त्यावरही डॉक्टरांकडे उत्तर तयार. "घाबरलेला माणूस. घाबरलं की रक्त चटकन गोठतं." आणि एवढी शिकली सवरलेली माणसं, सगळ्यांनी माना डोलावल्या! म्हणजे अख्खं गाव भित्रं, आणि एकट्या बाई शूर. आता ऐकून हसू येतं, पण तेव्हा कुणाला आलं नाही.

बाईंना एक धाकटी बहीण होती. बाई अकरा वर्षांच्या असताना ती झाली, आणि तिच्या बाळंतपणातच आई गेली. कशानं गेली? बाळंतपणात गेली, एवढंच सगळे सांगायचे, आणि तेवढं पुरायचं. धाकटीला बाईंनीच वाढवलं. वेण्या घातल्या, गणितं शिकवली, नाकाचा घोळणा फुटला की मान मागे धरून कपाळावर ओला फडका ठेवला. धाकटीचा घोळणा फार फुटायचा. बाकडं लागलं तरी मांडीवर हाताएवढा निळा डाग. "माझ्यावर गेलीय," बाई कौतुकानं म्हणायच्या.

प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याचे कॅन आणून टाकणारा एक टेम्पोवाला होता. बोलघेवडा, शीळ घालत जिना चढणारा. बाईंना पहिल्याच दिवशी "ताई" म्हणून मोकळा झाला. त्याचं आणि धाकटीचं जमलं हे बाईंना सगळ्यांत शेवटी कळलं. त्या चार दिवस रुसल्या आणि मग स्वतःच दोघांना घेऊन नवीन भांडी घ्यायला गेल्या. पुढची दोन वर्षं दर रविवारी तिघं एकत्र जेवायची. तो बाईंच्या घड्याळाची टिंगल करायचा. "ताई, मी जिना किती सेकंदांत चढलो?" बाई खोटं रागवायच्या आणि खरंच मोजून ठेवायच्या. त्या दोन वर्षांत बाई सुखी होत्या. हे असं सरळ सांगितलेलं बरं, कारण पुढं सांगायला काही उरणार नाही.

धाकटीला दिवस गेले. आठव्या महिन्यात बाईंनी तिचं रक्त स्वतः काढलं, स्वतः लावलं. कागदावर एक रकाना होता, घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास आहे का? बाईंनी लिहिलं, नाही. मग नळी कलती करत उजेडात धरली. सोळा सेकंद. सकाळचं बाईंचं स्वतःचं सोळा, धाकटीचं सोळा.

"अगं, अगदी माझ्यासारखं!" बाई म्हणाल्या. "सेकंदाला सेकंद!"

"मग काय, सख्खी बहीण आहे," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या. बाईंनी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खाली नेहमी लिहायच्या तसं लिहिलं, व्यवस्थित.

मुलगी झाली. छान रडली. पण धाकटीचं रक्त थांबेना. सुईणीनं केलं, डॉक्टरांनी केलं, पोट चोळलं, इंजेक्शनं झाली, चादरीमागून चादरी बदलल्या. मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि धाकटीच्या नवऱ्याला रक्तपेढीत पिटाळलं. रक्तपेढी नदीपलीकडच्या गावात. जाऊन येऊन पाऊण तास. तो जिना उतरला तेव्हा बाईंचा अंगठा आपोआप बटणावर गेला. सवय, दुसरं काय!

तो दीड तासानं आला. रेल्वेचं फाटक लागलं होतं आणि फाटकात मालगाडी बंद पडली होती. दोन बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेल्या, शर्ट घामानं चिकटलेला. धाकटी वीस मिनिटांपूर्वी गेली होती. बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातलं घड्याळ उचललं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"पाऊण तास," बाई म्हणाल्या. "पाऊण तास उशीर केलात."

मालगाडीचं त्यानं सांगितलं नाही, ते बाईंना नंतर दुसऱ्यांकडून कळलं. कळूनही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मुलगी वर्षाची झाली तेव्हा तो तिला कडेवर घेऊन बाईंच्या दाराशी आला, तीनदा कडी वाजवली. बाई आत पलंगावर बसून होत्या. पावलं जिना उतरून गेली. त्यानंतर तो पाण्याचे कॅन टाकायलाही आला नाही, ते काम त्यानं दुसऱ्याला दिलं.

मग चोवीस वर्षं. माणूस एकटं राहायला लागलं की घर कसं होतं ते बघायचं असेल तर बाईंची खोली बघावी. एक कप, एक ताट, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. रेडिओ ऐकण्यासाठी नाही, आवाजासाठी. सुट्टीच्या दिवशी बाई दिवसभरात एकच वाक्य बोलायच्या, खालच्या दुकानात: "अर्धा लिटर द्या." कधीकधी तेही बोलावं लागायचं नाही, दुकानदाराला माहीत होतं. आणि दर गुरुवारी कामावरून सुटल्यावर त्या वाट वाकडी करून चष्म्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवरून जायच्या. त्या दुकानात भाची काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून दोन पावलं मागे सरायची आणि मान तिरकी करून बघायची. हुबेहूब धाकटी! बाई कधी रस्ता ओलांडून गेल्या नाहीत. एवढं चालून पाय दुखायचे, पण गुरुवार चुकायचा नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी त्यांना दिसलं की भाचीचं पोट पुढं आलंय. त्या दिवशी बाई घरी आल्या आणि त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे पेपर उचलून ती मोकळी केली. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली, चुणचुणीत, सगळ्यांना "अहो काका, अहो मावशी" करणारी. तिनं आल्या आल्या यंत्र आणलं. नळ्या कलत्या करणं बंद. यंत्राबरोबर छोट्या कुप्या आल्या, अनेक निरोगी माणसांच्या रक्तद्रवाची वाळवलेली पूड, पाणी घातलं की तयार. म्हणजे बाईंच्या रक्ताचीही गरज संपली.

"वाईट वाटलं का मावशी?" डॉक्टरीण म्हणाली. "चला, आज शेवटचं तुमचं लावू. आठवण म्हणून."

लावलं. यंत्रानं लाल अक्षरांत आकडा टाकला. डॉक्टरीण म्हणाली, नवीन यंत्र आहे, लहरी असेल. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. कुपीतलं लावलं, ते सरळ बसलं. मग तिनं आणखी दोन तपासण्या केल्या, त्यांतल्या एकीसाठी नमुना बाहेर पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं. तिनं बाईंना समोर बसवलं.

"मावशी, रक्तात एक प्रथिन असतं, फायब्रिनोजेन. जखम झाली की त्याचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, जाळी रक्त अडवते. तुमच्या रक्तात ते भरपूर आहे. पण त्याची घडण चुकलेली आहे. धागे उशिरा जुळतात आणि जुळले तरी कच्चे राहतात."

"मला? मला कधी काही झालं नाही."

"बऱ्याच जणांना होत नाही. ऑपरेशन नाही, बाळंतपण नाही, तर आयुष्यभर कळतही नाही. कुणाला रक्तस्राव होतो. कुणाला उलट पायात नाहीतर फुप्फुसात गुठळी होते. एकाच घरात दोन्ही प्रकार दिसतात. हे जन्मापासून असतं, आईबापांकडून येतं. घरात कुणी...?"

बाई उठल्या. मागच्या खोलीत जुन्या वह्या होत्या, धुळीनं भरलेल्या. साल त्यांना शोधावं लागलं नाही. पान उघडलं. सोळा, सोळा, व्यवस्थित. अक्षर त्यांचंच, सुबक, टिंबटिंब जागच्या जागी. त्या जमिनीवर बसल्या, वही मांडीवर घेऊन, आणि कितीतरी वेळ त्यांना बाहेरून बोलावलेलं ऐकू आलं नाही. कापडवाल्याचा गजच आखूड असेल तर त्याला कापड कुठं कमी दिसणार? धाकटीचं रक्त कच्चं होतं, आणि ते ताडून बघितलं होतं तसल्याच कच्च्या रक्ताशी. दुसरं कुणाचंही रक्त घेतलं असतं, त्या पिणाऱ्या शिपायाचंसुद्धा, तरी फरक दिसला असता.

"बहीण," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "बाळंतपणात गेली. आईही."

"बहिणीला मुलं?"

"एक मुलगी. दिवस भरत आलेत तिचे."

डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं. "मावशी, तिच्यात हे असण्याची शक्यता निम्मी आहे. असेल आणि आधी माहीत असेल, तर मोठ्या रुग्णालयात सगळी तयारी ठेवता येते. रक्तातला हाच भाग वेगळा काढून, गोठवून ठेवलेला असतो, तो हाताशी ठेवायचा. नंतर गुठळीवर लक्ष ठेवायचं. फार अवघड नाही. पण आधी माहीत पाहिजे. मी फोन करू का त्यांना?"

बाईंच्या जिभेवर "हो" आलं होतं. फोन गेला असता, भाचीची तपासणी झाली असती, आणि सोळा आणि सोळा त्या वहीत धूळ खात पडले असते. कुणाला काही कळलं नसतं. बाई चांगल्या मिनिटभर हातातल्या वहीवरची धूळ पुसत राहिल्या, आणि बाईंचं मिनिट म्हणजे मिनिट.

"नको," त्या म्हणाल्या. "मोजलं मी होतं."

तरी दोन दिवस गेलेच. पहिल्या दिवशी त्यांनी चिठ्ठी लिहिली, नाव न घालता: बाळंतपणाआधी रक्त गोठण्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. मग त्यांना वाटलं, असली निनावी चिठ्ठी कोण मनावर घेतं? फाडली. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या. भीती कसली होती, हेही सांगून टाकतो. बाईंना जगात एकच माणूस उरलं होतं, चष्म्याच्या दुकानातलं, काचेपलीकडचं. खरं सांगितलं की तो गुरुवारचा फुटपाथसुद्धा बंद. आणि ज्या माणसाला चोवीस वर्षं गुन्हेगार ठरवलं त्याच्यासमोर जाऊन म्हणायचं, गुन्हेगार मी. कुणाची टाप आहे?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या गेल्या.

धाकटीचा नवरा सायकलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहत होता. दार त्यानंच उघडलं. केस पिकलेले, शीळ घालणारे ओठ आत गेलेले. त्यानं बाईंकडे बघितलं, मग त्यांच्या गळ्याकडे. बाजूला झाला. "या" म्हणाला नाही, पण बाजूला झाला.

बाई आत गेल्या आणि भिंतीकडे बघून थबकल्या. भिंतीवरच्या घड्याळात सहा पन्नास झाले होते. शेल्फावरच्या घड्याळात सहा पन्नास. स्वयंपाकघराच्या दारावर एक, तिथंही तेच. बाईंनी स्वतःच्या मनगटावर बघितलं. सहा वाजून पाच मिनिटं.

"सगळी पुढं आहेत," बाई म्हणाल्या.

"पाऊण तास," तो म्हणाला. "मला बरं पडतं."

बाईंना बसायचं होतं, पण कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडून टेबलावर ठेवलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या नळीचं, सोळा सेकंदांचं, डॉक्टरांच्या मंद औषधाचं, धाग्यांचं. तो टेबलाची कड धरून ऐकत होता.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मी वेळेत आलो असतो तर?"

"त्या दोन बाटल्यांनी तिचं रक्त गोठणार नव्हतं. तिला ते दुसरं लागलं असतं, आणि ते आधी माहीत असायला हवं होतं. मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही उशीर केला नव्हता. मीच चुकले, आणि वर तुमच्या तोंडासमोर घड्याळ धरलं."

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी पोरीला सांगितलं होतं. दहाव्या वर्षी विचारलं तिनं, आई कशानं गेली. मी म्हटलं, माझ्यामुळं. दोन वर्षं ती माझ्याशी धड बोलत नव्हती."

बाईंना रडू आलं. त्यांनी पुसलंही नाही.

"तिची तपासणी करून घ्या," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी आले. माझ्याकडे नको असेल तर दुसरीकडे करा. पण करा."

"करतो," तो म्हणाला. "तुम्ही जा आता."

बाई वही तिथंच विसरून जिना उतरल्या.

भाची दोन दिवसांनी प्रयोगशाळेत आली, नवऱ्याबरोबर. बाई लगबगीनं मागच्या खोलीकडे निघाल्या होत्या, तर ती म्हणाली, "तुम्हीच काढा." खुर्चीत बसून तिनं हात पुढं केला, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीकडे बघत राहिली. बाईंनी रक्त काढलं. मग कापसाचा बोळा दाबून धरला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. एवढा वेळ त्यांनी कुणाला दाबला नव्हता. सगळ्या वेळात ती एकच वाक्य बोलली: "गुरुवारी समोरून जाता ते तुम्हीच ना?"

"हो."

यंत्रानं तिचा आकडा लाल अक्षरांत टाकला.

मग जे करायचं ते डॉक्टरिणीनं भराभर केलं. मोठ्या रुग्णालयात पत्र गेलं, तारीख ठरली, गोठवलेल्या पिशव्या राखून ठेवल्या. बाईंना दिवस कळला तो डॉक्टरिणीकडून. या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी रजेचा अर्ज केला. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं.

रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेली बाकडी. भाचीचा बाप आधीच येऊन बसला होता. किती आधी, ते त्यालाच ठाऊक. त्याचा टेम्पो खाली फाटकाच्या तोंडाशी लावलेला, तोंड बाहेरच्या बाजूला. जावई औषधांच्या खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता. बाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी बसल्या. त्यानं बघितलं आणि मान फिरवली. साडेनऊला भाचीला आत नेलं, दार बंद झालं, आणि बाईंचा अंगठा आपोआप बटणावर गेला.

एक तास झाला, दोन झाले. टिकटिक, टिकटिक. रिकाम्या व्हरांड्यात त्या घड्याळाचा आवाज केवढा मोठा येत होता! बाईंनी ते पदराखाली धरलं, मुठीत दाबलं. उपयोग शून्य. एक परिचारिका पिशवी घेऊन घाईनं आत गेली, बर्फासारखी गार पिशवी, फडक्यात गुंडाळलेली. बाई आणि तो दोघंही एकदमच उभी राहिली आणि एकमेकांकडे न बघता पुन्हा बसली.

मग तो उठला. व्हरांडाभर चालत आला आणि बाईंच्या समोर उभा राहून त्यानं हात पुढं केला.

"द्या इकडे."

बाईंनी गोफ डोक्यावरून काढला. त्यानं घड्याळ तळहातावर घेतलं. काटा पळत होता.

"थांबतं कसं हे?"

"वरचं बटण."

त्यानं दाबलं. टिकटिक थांबली.

"आणि शून्यावर?"

"तेच. पुन्हा एकदा."

त्यानं दाबलं, काटा शून्यावर आला, आणि त्यानं घड्याळ गोफासकट शर्टाच्या खिशात टाकलं. "आज कुणी मोजायचं नाही," एवढं म्हणून तो आपल्या जागी जाऊन बसला.

त्यानंतर किती वेळ गेला ते खरंच कुणी सांगू शकणार नाही. दार उघडलं. "मुलगा झाला. आई छान आहे. रक्त थोडं जास्त गेलं, पण पिशव्या लावल्या, थांबलं." जावई धावला. सासरा धावला नाही, भिंतीला हात लावून सावकाश उठला, तोंडावरून हात फिरवला आणि आत गेला. दार मिटलं.

बाई बसून राहिल्या. दारापलीकडून हसण्याचा आवाज आला, बाळाचा आला. कुणी बाहेर आलं नाही. आपल्याला आत बोलावतील असं बाईंना वाटलंच नव्हतं, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि ते खोटं होतं. थांबलं, एवढं ऐकायला आले होते, ते ऐकलं. त्यांनी पिशवी उचलली आणि चार मजले उतरून रस्त्यावर आल्या.

बसथांब्यावर चार माणसं होती. लांबून बस दिसली तसा बाईंचा हात गळ्याशी गेला. गळा मोकळा. घड्याळ त्याच्या खिशात राहिलं होतं.

आता परत वर जायचं? घड्याळ मागायला? तपासणीचं ते सोडलं, तर चोवीस वर्षांत त्या माणसांच्या दाराशी जायला बाईंकडे कधी काही निमित्त नव्हतं. आज होतं. बस आली, थांबली, कंडक्टर म्हणाला, "चला, मावशी." बाई म्हणाल्या, "तुम्ही जा."

चार मजले चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. वर पोचल्या तेव्हा तो दारातच उभा होता, पाठ टेकून, जिन्याकडे तोंड करून.

"घड्याळ," बाई धापा टाकत म्हणाल्या. "घड्याळ राहिलं माझं तुमच्याकडे."

"राहिलं नाही, ताई," तो म्हणाला. "मीच ठेवून घेतलं. नाहीतर तुम्ही कुठल्या परत येताय?"

त्यानं घड्याळ काही काढून दिलं नाही. दार ढकललं आणि बाई आत जाईपर्यंत धरून ठेवलं.